सप्पाइले मालूम रायते

'मानवत मर्डर्स'चा तिसरा एपिसोड संपला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. 2024 ची दिवाळी. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातलं आमचं घर, ओसरीत हलक्या धानाची पोती रचलेली, टीव्हीला माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडलेला. आई कंटाळून झोपायला गेली होती. आजी मात्र खाटेवर पाय वर घेऊन बसली होती, चष्मा लावून. तिला वेब सिरीज म्हणजे काय ते माहीत नाही, पण मालिका कळते. मी सहज विचारलं, "कोणी केलं असंल, आजी?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी अजून शाळेत आहे. म्हणाली, "सप्पाइले मालूम रायते. पोलिसालेच सांगा लागते."

म्हणजे सगळ्यांना माहीतच असतं, सांगावं लागतं ते फक्त पोलिसांना. गेले काही महिने मी या वाक्यातून बाहेर येऊ शकलेलो नाही. एका चांगल्या मालिकेत मला काय खटकत होतं, ते या वाक्याने सांगितलं. शिवाय आमच्याच घरातली एक गोष्टही त्याच रात्री बाहेर आली. दोन्ही इथे लिहितो. (पुढे काही कलाकृतींचे शेवट उघड होतील. ज्यांना चालत नाही त्यांनी आधी त्या पाहून या.)

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 'मानवत मर्डर्स' ही आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेली मराठी मालिका 4 ऑक्टोबर 2024 रोजी सोनी लिव्हवर आली. एपिसोड आठ. गोष्ट खरी आहे. परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावात 1972 च्या नोव्हेंबरपासून 1974 च्या जानेवारीपर्यंत मुली आणि बायकांचे खून होत राहिले. वर्ष दुष्काळाचं. गावात कुजबुज होती ती गुप्तधनाची, नरबळीची, मूल व्हावं म्हणून केलेल्या पूजेची. स्थानिक पोलिसांना उलगडा होईना तेव्हा तपास मुंबईहून आलेल्या रमाकांत कुलकर्णींकडे गेला. हे तेच अधिकारी, ज्यांच्या नावाशी 1968 मधला रामन राघवचा तपास जोडलेला आहे. मालिका त्यांच्या 'फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम' या आठवणींच्या पुस्तकावर आधारलेली आहे.

कुलकर्णींचं काम आशुतोष गोवारीकर करतात. गावातला वजनदार माणूस उत्तमराव म्हणजे मकरंद अनासपुरे, त्याच्यासोबत राहणारी रुक्मिणी म्हणजे सोनाली कुलकर्णी, आणि रुक्मिणीची बहीण समिंद्री म्हणजे सई ताम्हणकर. अनासपुरेंची निवड मला सगळ्यात हुशार वाटली. आपण ज्यांना पाहून इतकी वर्षं हसलो, तोच चेहरा समोर आला की आपण नकळत त्याला सूट देतो. गावही आपल्या मोठ्या माणसांना अशीच सूट देत असतं.

मग खटकलं काय?

मालिका पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणींवर उभी आहे, म्हणून आपण गावात शिरतो ते त्याच्यासोबत. त्याला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत नाही. गाव ही एक बंद पेटी आणि किल्ली बाहेरून येणार. 'रहस्य' नावाच्या प्रकाराचा हा जुना करार आहे, आणि पाहणाऱ्याला तो फार सुखाचा असतो. कारण त्यात 'न कळणं' ही निरागस गोष्ट असते. आम्हाला काय माहीत, आम्ही तर आत्ताच आलो!

पण लहान गावात बाहेरून आलेला माणूस सोडला तर निरागस कोणीच नसतं. कोणाच्या घरी रात्री कोण येतं, कोणाच्या पोरीला अचानक मामाकडे का पाठवलं, कोणत्या विहिरीचं पाणी एक वर्ष कोणी प्यायलं नाही, हे सगळं प्रत्येकाला थोडं थोडं माहीत असतं. कोणी एकटा सगळं दडवून बसलेला नसतो. तुकडे वाटून घेतलेले असतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तिथे याला परवानग्या म्हणतात. माहिती सर्व्हरवरच असते, पण ती वाचायचा हक्क कोणाला आणि बोलायचा कोणाला, हे आधी ठरलेलं असतं. गावातल्या सुनेला वाचायची परवानगी असते, लिहायची नसते.

ही गोष्ट आमच्या भागातल्या माणसाला लवकर समजते, कारण आमचं करमणुकीचं व्याकरणच वेगळं आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर पीक घरात आलं की गावोगाव मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक लागतं. नाटक कंपन्यांचं केंद्र म्हणजे वडसा, आमच्या इथून रेल्वेने जवळच. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे पुण्यातल्या माझ्या मित्रांनी 'झाडीपट्टी' हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. विषय बहुतेक वेळा घरातलाच असतो. दडवलेलं लग्न, टाकलेलं मूल, भावाने भावाची लुबाडलेली जमीन. म्हणजे कौटुंबिक रहस्य आणि गुन्हा, दोन्ही. पण प्रेक्षकाला खलनायक पहिल्या अंकातच माहीत असतो. तरी दोन-तीन हजार माणसं थंडीत चादरी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. कशासाठी? 'कोणी केलं' हे कळण्यासाठी तर नक्कीच नाही. ती बसतात ते हे पाहायला, की ज्याला माहीत आहे तो सगळ्यांसमोर तोंड कधी उघडतो. स्टेजवरची सून गप्प राहिली की पुढे बसलेल्या बाया तिला ओरडून सांगतात, "बोल ना वो बाई!"

या नाटकांना भडक म्हणणं सोपं आहे, आणि ती भडक असतातही. पण रहस्याबद्दलची त्यांची समज मला अनेक वेब सिरीजपेक्षा पक्की वाटते. त्यांना ठाऊक आहे की घरातलं रहस्य म्हणजे न कळलेली गोष्ट नव्हे, न बोललेली गोष्ट.

टीव्हीवरही हे एकदा सिद्ध झालेलं आहे. झी मराठीवर 2016 मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली, तेव्हा ती सरळ रहस्यमालिका होती. कोकणातला नाईकांचा वाडा, अण्णांच्या मृत्यूनंतर जमलेलं कुटुंब, आणि मग एकेक गूढ. 2019 मध्ये दुसरा भाग आला तो काळात मागे गेला. अण्णा काय करतात, शेवंता कोण, याचा शेवट कुठे होणार, हे सगळं आपल्याला आधीच माहीत होतं. तरी, किंबहुना त्यामुळेच, अण्णा आणि शेवंता घराघरात पोचले. माईचं पात्र मला त्या भागात जास्त कळलं. नवऱ्याचं सगळं जिला दिसतं आणि जी तरी दुसऱ्या दिवशी चूल पेटवते, अशी बाई. पहिल्या भागात भीती वाटायची ती भुताची. दुसऱ्यात भीती वाटली ती माईच्या गप्प बसण्याची.

मानवतच्या प्रकरणावर यापूर्वीही एक कलाकृती होऊन गेली आहे. अमोल पालेकरांनी दिग्दर्शक म्हणून केलेला पहिला चित्रपट 'आक्रीत', साल 1981, लेखन विजय तेंडुलकरांचं. त्यात तपास हा गोष्टीचा कणा नाही. चित्रपट राहतो मुकुटराव आणि रुही या जोडप्यासोबत. भूमिका स्वतः पालेकर आणि चित्रा पालेकर यांनी केल्या. बाईला मूल हवंय, पुरुषाला धन आणि सत्ता हवी आहे, आणि दोघं त्या हव्यासापायी कुठवर जातात, हे आपण त्यांच्याच घरात बसून पाहतो. इथे पेटीही नाही आणि किल्लीही नाही. खून कोण करतंय हे माहीत असूनही आपण पुढे पाहत राहतो, आणि तसं पाहत राहणं हीच अस्वस्थतेची जागा होते.

त्रेचाळीस वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन कलाकृती शेजारी ठेवल्या तर फरक लख्ख दिसतो. 'आक्रीत' आपल्याला माहीतगार करतो, 'मानवत मर्डर्स' आपल्याला पाहुणा करते. पाहुणा म्हणून आपली बडदास्त उत्तम ठेवली जाते. सत्तरचं दशक विश्वासाने उभं केलंय, नटमंडळी तोलून काम करतात. पण पाहुण्याला घरातलं भांडण ऐकवत नाहीत, आणि इथेही ते पूर्ण ऐकू येत नाही.

आणखी एक गोष्ट. ज्या रुक्मिणीभोवती संशय फिरतो ती पारधी समाजातली. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने काही जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यात पारधीही आले. स्वतंत्र भारताने तो शिक्का 1952 मध्ये कायद्याने पुसला, पण माणसांच्या बोलण्यातून तो गेला नाही. अशा बाईबद्दल गाव जे 'जाणतं' त्यातलं पाहिलेलं किती आणि आधीच ठरवलेलं किती? मला वाटतं मालिकेचा खरा प्रश्न इथे होता. आजीच्या वाक्याची ही दुसरी, भीतीदायक बाजू आहे. सप्पाइले मालूम रायते. पण कधी कधी सप्पाइले चुकीचं मालूम रायते.

त्या रात्री मी आजीला हेच विचारलं, जरा वेगळ्या शब्दांत. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुह्या आत्याआजीचं नाई झालं का तसंच?"

आत्याआजी म्हणजे माझ्या आजोबांची थोरली बहीण. आम्हा मुलांना तिच्याबद्दल एकच वाक्य ठाऊक होतं: ती काशीला गेली. बस. आजीने त्या रात्री सांगितलं ते असं. आत्याआजी तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली. वडिलांनी तिच्या पोटापाण्यासाठी एक बांधी तिच्या नावे काढून दिली. (बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा.) आजी या घरात सून होऊन आली त्यानंतर काही वर्षांनी, म्हणजे मानवत घडत होतं साधारण त्याच काळात, एका पावसाळ्यात शेजारच्या दोन घरांतली लेकरं हगवणीने गेली. कोणीतरी भगताला विचारलं. भगताने नाव घेतलं नाही, फक्त दिशा सांगितली आणि 'एकटी बाई' म्हणाला. त्या दिशेला एकटी बाई एकच होती.

तिला कोणी मारलं नाही, हे आजीने दोनदा सांगितलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत गावाबाहेर नेतात, इडा पीडा तिच्यासोबत जावी म्हणून पोरं ओरडत जातात. त्याच रात्री आजोबांनी बैलगाडी जुंपली आणि सख्ख्या बहिणीला स्टेशनवर सोडून आले. सोबत तांदळाचं गाठोडं दिलं. ते आजीनेच बांधलं होतं. "मी काई बोलली नाई," ती म्हणाली. "माह्या पोटात तुहा बाप होता."

मी विचारलं, हे घरात कोणाकोणाला ठाऊक आहे? तर सगळ्यांना. बाबांना, काकांना, आईला लग्नानंतर वर्षभरात. गावातल्या म्हाताऱ्यांना तर आहेच. फक्त मला आणि माझ्या बहिणीला सांगितलं नव्हतं.

पण खरं तर आम्हालाही सांगितलेलंच होतं. त्या तुकड्याला घरात आजही 'आत्याची बांधी' म्हणतात. आत्याच्या बांधीत पाणी सोडलं का, आत्याच्या बांधीला मावा लागला. लहानपणापासून मी हे नाव हजारदा ऐकलं असेल, स्वतःही घेतलं असेल. कोण आत्या, हे एकदाही विचारलं नाही. आणि 2014 मध्ये इंजिनिअरिंगला माझा नंबर लागला तेव्हा फीसाठी विकला तो अर्धा तुकडा त्याच बांधीतला होता.

मी 'शार्प ऑब्जेक्ट्स' कॉलेज संपल्या संपल्या पाहिली होती. एचबीओची 2018 ची मालिका, तीही आठच एपिसोडची. एक पत्रकार बाई मुलींच्या खुनांची बातमी करायला आपल्या गावी, आपल्या आईच्या घरी परत जाते. त्या घरात धाकट्या बहिणीचं एक बाहुलीघर आहे, मोठ्या घराची हुबेहूब प्रतिकृती. ते आपल्याला पुन्हा पुन्हा दिसतं. अगदी शेवटी कळतं की त्यातल्या एका खोलीची पांढरी फरशी दातांची आहे, मारलेल्या मुलींच्या. तेव्हा मला तो शेवट धक्का देण्यासाठी केलेला वाटला होता. आता तसं वाटत नाही. पुरावा तळघरात नव्हताच. दिवाणखान्याच्या उजेडात होता, सगळे त्याचं कौतुक करत होते. आमच्या घरी त्याला बांधी म्हणत होते.

जादूटोण्याचा आरोप करून बाईला छळणं हा महाराष्ट्रात आज गुन्हा आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आमच्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये अशा बाईला 'टोनही' म्हणतात. तिथे 2005 पासून वेगळा कायदा आहे. हे कायदे हवेतच. पण कायद्याला तक्रार लागते, आणि तक्रार म्हणजे कोणीतरी आधी बोलणं. आमच्या घरात तक्रार कोणी केली असती? गाडी हाकणाऱ्याने की गाठोडं बांधणारीने?

म्हणून मला वाटतं, दडलेल्या जखमा आणि घरातली रहस्यं हा विषय घेणाऱ्या मालिकांनी तपास अधिकाऱ्याला थोडं मागे बसवावं. तो खोटा असतो असं नाही. रमाकांत कुलकर्णी खरे होते, त्यांची चिकाटीही खरी होती, आणि त्यांच्याशिवाय मानवतमध्ये कदाचित आणखी जीव गेले असते. पण त्याच्या डोळ्यांनी पाहिलं की गुन्हा चार-पाच जणांचा होतो. त्यांना बेड्या पडल्या की गाव सुटतं, आणि गावाबरोबर पाहणाराही सुटतो. गाठोडं बांधणाऱ्या बाईचं कलम कोणतं, हे तपासाला विचारता येत नाही. गोष्टीला येतं. 'मानवत मर्डर्स' ते विचारण्याच्या जवळ जाते, विशेषतः दोन बहिणींच्या नात्यात, आणि मग पुन्हा तपासाच्या फायलीकडे वळते. तरीही ती पाहा असंच मी सांगेन. मराठीत इतक्या गंभीरपणे आपल्याच मातीतला गुन्हा क्वचित मांडला जातो. आणि जमलं तर घरच्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून पाहा.

राहिलेले एपिसोड मी पुण्याला परतल्यावर एकट्याने पाहिले. आजीने फोनवर विचारलं, "सापडला का?"

सांगितलं, सापडले, कोण कोण ते. कोर्टाचंही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आन् त्या पोरीइच्या माया?" तिने विचारलं. "त्या काय म्हनत होत्या?"

मी आठवून पाहिलं. आठ एपिसोड नुकतेच संपवले होते, नटांची नावं पाठ होती, पण त्यातल्या एकाही आईचं एकही वाक्य मला आठवेना. आजीला म्हटलं, पुन्हा पाहून सांगतो.